टक्केवारी बदलली, मग कळवायचं कुणाला?

दिव्यांग प्रमाणपत्र हातात पडलं की घरातले सगळे आधी टक्का बघतात. चाळीसच्या वर आहे ना, मग झालं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत जातो आणि पिशवी कपाटात. टक्क्याच्या आसपास छापलेल्या दोन ओळी मात्र वाचायच्या राहून जातात. एका ओळीत दिव्यांगत्व वाढत जाणारं आहे, स्थिर आहे, की सुधारण्याजोगं आहे, यावर खूण असते. दुसऱ्या ओळीत फेरतपासणी ‘आवश्यक नाही’ किंवा ‘अमुक वर्षांनी आवश्यक’ असं असतं आणि पुढे प्रमाणपत्र कधीपर्यंत चालेल ती तारीख. पुढचा सगळा खेळ या दोन ओळींवर चालतो.

आपल्याकडे लाभ बंद पडतो तो बहुतेक वेळा तब्येत सुधारली म्हणून नव्हे, तारीख उलटली म्हणून. पाय तसाच, डोळा तसाच, औषधं तीच, आणि तरी पैसे थांबतात. उलट तब्येत खरोखर बदललेली असते तेव्हा ते सांगायला एक खिडकी, एक फॉर्म असं काही नसतंच. सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डाने टक्का बदलला म्हणून तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेला, ऑफिसच्या आस्थापना विभागाला किंवा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणाऱ्याला ते आपोआप कळेल, या भरवशावर राहू नये. बातमी आपणच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची असते. ती कोणत्या क्रमाने न्यायची, हे चुकलं की हेलपाटे वाढतात.

क्रम असा: आधी बोर्डाकडून नवं प्रमाणपत्र, मग त्यावरून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), मग लाभ देणारी एकेक कचेरी. बरेच जण उलटं करतात. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट तहसीलला जातात. तहसीलचा लिपिक ती चिठ्ठी फाइलला लावूनही घेईल, पण तिच्यावर काही करू शकत नाही. दिव्यांगत्व ठरवण्याचा अधिकार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याला आहे, मग तुमचे डॉक्टर कितीही मोठे असोत.

बोर्डाकडे जाण्याआधी एक हिशेब घरीच करा: टक्का बदलल्याने आपलं नेमकं काय बदलणार आहे? कायद्याने महत्त्वाचा उंबरठा आहे ४० टक्क्यांचा. दुसरा मोठा उंबरठा ८० चा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम सुधारले तेव्हा कार्डाचे रंगही याच हिशेबाने ठरले: ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आतपर्यंत पिवळं, ८० आणि वर निळं. प्राप्तिकरात जुनी करप्रणाली निवडणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला ४० पासून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० ला पोचल्यावर १,२५,००० ची. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या व्यक्तीला केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन लागू होतं तेही ८० पासून. त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आणि बाकीचं राज्य घालतं. रेल्वेची सवलत तर टक्क्यावर चालतच नाही. तिथे प्रकार बघतात आणि सोबतीशिवाय प्रवास करता येतो का, ते बघतात.

म्हणजे ४५ चे ६० झाले, तर बहुतेक ठिकाणी हातात काहीच जास्त पडत नाही. कायमस्वरूपी प्रमाणपत्र असेल तर एवढ्यासाठी बोर्डाची रांग धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण फेरतपासणी दुधारी असते. नवं बोर्ड जुन्या बोर्डाच्या आकड्याला बांधील नसतं. साठची आशा धरून गेलेला माणूस ३८ घेऊन परत येऊ शकतो, आणि ३८ म्हणजे पांढरं कार्ड. पण ३५ चे ४० च्या वर गेले असावेत किंवा ७० चे ८० झाले असावेत असं वाटत असेल, तर जरूर जा.

फक्त ‘असं वाटणं’ आणि बोर्डाचं मोजणं यांत बरंच अंतर असतं. बोर्ड वेदना मोजत नाही. राजपत्रात मोजमापाची पद्धत ठरलेली आहे. आधी जानेवारी २०१८ ची होती, मग मार्च २०२४ मध्ये सुधारून आली. सांधा किती अंशात वळतो, स्नायूत किती जोर आहे, चष्मा लावून किती दिसतं, किती डेसिबलला ऐकू येतं, हे त्यात येतं. दृष्टी मोजतात ती शक्य तेवढी दुरुस्त करून, म्हणजे चष्म्यासह. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर आधी ती करून या, असंच सांगतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर ३० टक्के मिळतात. हे ऐकून लोक हताश होतात, भांडतातही, पण तो डॉक्टरांचा कंजूषपणा नसतो, तक्ताच तसा आहे.

कानांचं गणित समजून घेण्यासारखं आहे. दोन्ही कानांचे टक्के वेगवेगळे काढतात. मग चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहाने भागायचं. समजा चांगला कान ५० टक्के आणि वाईट ६० टक्के. २५० अधिक ६०, भागिले सहा, म्हणजे ५१.७. आता वाईट कान पूर्ण गेला, १०० झाला. २५० अधिक १००, भागिले सहा, म्हणजे ५८.३. एका कानाने चाळीस टक्के गमावले आणि एकूण आकडा हलला जेमतेम साडेसहाने. ‘एक कान पूर्ण गेला, आता ८० तरी होतील’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडावा. चांगला कान खालावला तर मात्र आकडा झपाट्याने चढतो.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर बेरीज होत नाही, ही दुसरी गफलत. पायाचे ४५ आणि कानाचे ३० म्हणजे ७५ नव्हेत. मोठा आकडा तसाच ठेवायचा. ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. ९० वजा ४५ म्हणजे ४५, गुणिले ३०, भागिले ९०, म्हणजे १५. एकूण ६०. याच सूत्राने ७० आणि ४५ चे बरोबर ८० होतात. आधीचं पायाचं प्रमाणपत्र आहे आणि आता दृष्टी किंवा श्रवणही गेलं, तर दुसरं स्वतंत्र प्रमाणपत्र काढत बसू नका. बहुदिव्यांगत्वाचं एकत्र प्रमाणपत्र मागा. दोन वेगळे कागद पुढे ठेवून ‘तुम्हीच मिळवा’ म्हटलं तर कुठलीही कचेरी मिळवणार नाही.

मानसिक आजारात ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाबींना शून्य ते चार गुण आणि त्यात आजाराच्या काळाचे गुण. एकूण वीसपैकी सात किंवा जास्त झाले की ४० टक्के किंवा वर. इथे एक नेहमीची चूक होते. रुग्णाला त्या दिवशी आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे घालून आणतात. डॉक्टर विचारतात, काम करतो का? आई लाजेने म्हणते, हो, दुकानात बसतो. तो दिवसभरात पाच मिनिटं बसतो आणि उठून निघून जातो, हे सांगायचं राहतं. खोटं सांगू नका, पण झाकूही नका. महिन्यातून किती दिवस स्वतःहून आंघोळ करतो, औषध कोण देतं, एकटा बसने जाऊ शकतो का, हे तारखांसह एका कागदावर लिहून न्या.

आता प्रत्यक्ष अर्ज. स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजेच यूडीआयडीच्या, संकेतस्थळावर आधीच नोंद असेल तर ‘नवा अर्ज’ भरायचा नाही, ‘नूतनीकरण’ निवडायचं. नवा अर्ज भरला की त्याच आधार क्रमांकावर जुनी नोंद सापडते आणि अर्ज अडकतो. सेतू केंद्रावर घाईत असाच अर्ज भरून देतात आणि मग महिनोनमहिने स्टेटस हलत नाही. प्रवेशासाठी अठरा अक्षरी यूडीआयडी क्रमांक लागतो, जन्मतारीख लागते आणि ओटीपी. पाच वर्षांपूर्वी नोंदवलेला मोबाइल नंबर बहुतेकांचा बंद झालेला असतो, म्हणून सगळ्यात आधी नंबर बदलून घ्या. ज्यांच्याकडे यूडीआयडीच्या आधीचं, राज्याच्या एसएडीएम या जुन्या संगणक प्रणालीतलं प्रमाणपत्र आहे आणि अजून कार्ड काढलेलं नाही, त्यांना मात्र नवाच अर्ज करायचा आहे. जुनं प्रमाणपत्र त्याला जोडायचं.

नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. प्रमाणपत्रावर ‘सुरेखा बाळू’ आणि आधारवर ‘सुरेखा बाळासाहेब’ असेल तर तेवढ्यावरूनही पुढे पैसे अडू शकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. टक्का बदलून घ्यायला जाल त्याच खेपेत नावही सुधारून घ्या.

रुग्णालय निवडताना दोन वाटा आहेत. राहत्या जिल्ह्यातलं अधिकृत रुग्णालय, किंवा जिथे त्या आजारावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत ते सरकारी रुग्णालय. साताऱ्याच्या माणसावर मुंबईच्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील तर तो तिथे अर्ज करू शकतो. नियमात तशी सोय आहे, फक्त खिडकीवर कुणी ती आपणहून सांगत नाही. अर्ज मिळाल्यापासून निर्णयासाठी सुधारित नियमांत तीन महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणून प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर मुदत संपायच्या किमान चार महिने आधी अर्ज टाका. संपल्यावर टाकला तर मधले महिने मोकळे जातात.

बोर्डाच्या दिवशी न्यायचं ते असं: मूळ प्रमाणपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स, आधार, फोटो, आणि फाइल. फाइल म्हणजे गठ्ठा नव्हे. वर नवे कागद, खाली जुने, आणि सगळ्यात वर एक पान: कोणती शस्त्रक्रिया कधी झाली, शेवटचा एक्स-रे किंवा एमआरआय कधीचा, औषधं कोणती. दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवरून आजचा बदल कुणी मान्य करत नाही. कानासाठी ताजी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आणि लहान मुलांसाठी बेरा, म्हणजे मुलाने उत्तर न देताही होणारी श्रवणचाचणी. डोळ्यांच्या बाजूचं दिसणं कमी झालं असेल तर फील्ड टेस्ट. नुसते तक्त्यावरचे आकडे वाचून ते कळत नाही, आणि काचबिंदूच्या रुग्णांचं नुकसान नेमकं इथेच होतं. कोणत्या वारी कोणता विभाग बसतो हे आधी विचारून जा. हाडांचा वार एक, मनोविकाराचा दुसरा, आणि बहुदिव्यांग माणसाला दोन्ही वार धरावे लागतात.

शस्त्रक्रियेनंतर लगेच किंवा पक्षाघातानंतर महिनाभरात बोर्डापुढे जाऊ नका. प्रकृती स्थिर झालेली नसताना कायमचा आकडा देता येत नाही, म्हणून एकतर परत पाठवतात किंवा छोट्या मुदतीचा कागद देतात. मग वर्षभरात पुन्हा तीच रांग.

निकाल पटला नाही तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती बाजू मोजली नाही, कोणता अहवाल बघितला नाही, हे लिहावं लागतं. म्हणून बोर्डातून बाहेर पडल्यावर कुणी काय तपासलं ते त्याच दिवशी टिपून ठेवा.

नवं प्रमाणपत्र आलं. आता तहसील. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी ४० टक्क्यांची अट आहे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत हवं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं महिन्याचं अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झालं. वाढीव रक्कम न मिळालेल्यांनी आधी हे बघावं की आपली नोंद ‘दिव्यांग’ म्हणून आहे का. विधवा किंवा निराधार म्हणून योजनेत आलेली बाई नंतर दिव्यांग झाली आणि तिने प्रमाणपत्र शाखेत दिलंच नाही, तर यादीत ती जुन्याच वर्गात राहते. हा बदल कळवण्यात थेट हजार रुपयांचा फरक आहे.

कळवायचं लेखीच. साधा अर्ज पुरतो: ‘मी आपल्या तालुक्यातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा/ची लाभार्थी आहे. माझ्या दिव्यांगत्वाची फेरतपासणी दिनांक अमुक रोजी झाली असून टक्केवारी अमुकऐवजी अमुक झाली आहे. नवीन प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. माझ्या नोंदीत बदल करावा.’ खाली बँक खातं, आधार, मोबाइल. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. सहा महिन्यांनी लिपिक बदललेला असतो आणि शिक्का नसेल तर तुम्ही कळवलंच नव्हतं असं होतं. दरवर्षीचा हयातीचा दाखला वेगळा आहे बरं का. तो दिला म्हणजे टक्केवारी कळवली असं होत नाही, आणि टक्केवारी कळवली म्हणून हयातीचा दाखला सुटत नाही.

नोकरदारांनी प्रत आस्थापना विभागाला द्यावी. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं किंवा वाढलं आणि आताचं काम झेपेना, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांहून जादा) पदावर ठेवायचं, असं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं. म्हणून घाबरून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहू नका. खासगी नोकरीत हे संरक्षण नाही. प्राप्तिकराच्या वजावटीला मुदतीचं प्रमाणपत्र त्याची मुदत संपते त्या आर्थिक वर्षापर्यंतच चालतं, पुढच्या वर्षासाठी नवं लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्वासाठी त्याचा नमुनाही वेगळा असतो.

आणि तब्येत सुधारली तर? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. खुब्याचा सांधा बदलला आणि माणूस चालू लागला. मुदतीचं प्रमाणपत्र असेल तर फेरतपासणीत ते दिसेलच. कायमस्वरूपी असेल आणि आता ४० च्या खाली गेलो हे स्वतःला कळत असेल, तर गप्प बसून लाभ घेत राहणं महागात पडू शकतं. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला तर याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपणहून फेरतपासणी मागितलेला माणूस फसवणूक करत होता असं म्हणणं कठीण जातं. तक्रारीनंतर पकडला गेलेल्याची गोष्ट निराळी. पण ‘बरं वाटतं’ म्हणजे टक्का उतरला असं नाही, हेही लक्षात असू द्या. पाय कापलेल्याचा टक्का पाय कुठल्या पातळीवर कापला त्यावर ठरतो. जयपूर फूट लावून तो शेतात जाऊ लागला म्हणून पाय परत आला असं होत नाही.

मुलांच्या बाबतीत तारखा ठरलेल्याच आहेत. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठरा या वयांत नव्याने काढायचं असतं. अध्ययन अक्षमतेत आठव्या वर्षी निघालेलं चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. हे अठरावं वर्ष बहुतेक घरांत बारावीच्या परीक्षेत येतं आणि वैद्यकीय बोर्डाचं काम मागे पडतं. मग प्रवेशाच्या वेळी दिव्यांग कोट्यासाठी जुना, मुदत गेलेला कागद पुढे येतो. सतराव्या वर्षीच अपॉइंटमेंटची चौकशी करा, आणि वाढदिवसानंतर पहिल्या मिळेल त्या तारखेला मुलाला घेऊन जा. त्याच खेपेत बँकेत त्याचं अज्ञान (अल्पवयीन) खातं बदलून घ्यायचं आणि आधारचे बोटांचे ठसे नवे करून घ्यायचे. नाहीतर प्रमाणपत्र नवं आणि पैसे मात्र जुन्या खात्यात अडकलेले, असं होतं.